घरपट्टीचा आकडा कुठून येतो?

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, नाळे, राजोडी आणि नंदाखालच्या शेजारी, वटार हे गाव आहे. केळी, भाजी, मोगरा, सोनचाफा यांच्या वाड्या, वाडीत घर, घरामागे विहीर आणि कुठे कुठे अजून टिकून राहिलेले बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे छोटे तळे. अशा एका घराच्या एकाच दिवशी चार निरनिराळ्या किमती निघू शकतात. जमिनीचा दलाल एक सांगतो. बँकेने नेमलेला मूल्यांकनकार कर्जासाठी दुसरी लिहून देतो. दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे गेले, की रेडी रेकनरच्या तक्त्यातून तिसरी निघते. चौथी किंमत मात्र घरमालकाने कधी मागितलेली नसते, तरी ती दरवर्षी बिलाच्या रूपाने दारात येते. ती असते कर आकारणीसाठी धरलेली किंमत. पहिल्या तिन्हींशी गाठ पडते ती घर विकताना, गहाण टाकताना किंवा वाटणी करताना. चौथी मात्र, ज्याला घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, आजोबांनी बांधलेल्या त्याच ओटीवर म्हातारपण काढायचे आहे, त्यालाही चुकत नाही.

ही प्रस्तावना त्या चौथ्या किमतीविषयी आहे. घरपट्टी जास्त की कमी यावर गावोगाव बोलले जाते, मोर्चे निघतात, निवडणुकाही लढवल्या जातात. पण आकडा मुळात कसा बसवला, कोणती मोजमापे घेतली, कोणता दर लावला, याकडे फार थोडे लोक वळतात. खरे पाहता आकारणी म्हणजे एका कार्यालयाने नोंदवहीत लिहिलेले मत असते. त्या मतामागे सूत्र आहे, नियम आहेत आणि ते खोडून काढण्याचा रस्ताही कायद्याने दिला आहे. तपासणारा कोणी नसला, की चुकीची नोंदही वर्षानुवर्षे खरी म्हणून वसूल होत राहते.

जमिनीला मोल लावून वसुली करण्याची रीत वसईला नवी नाही. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, १५५४ मध्ये, सिमाव बोतेल्यो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने केलेल्या ‘तोंबो’ या महसुली नोंदवहीत वसईचे उत्पन्न बाबवार उतरले होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि हिशेबाच्या वह्या मराठ्यांच्या दफ्तरात आल्या. पुढे ठाणे जिल्ह्यात मोडलेल्या या पट्ट्यात तेव्हा हुंडाबंदीची चाल होती. जमीन काटेकोर न मोजता एका तुकड्यावर ठोक आकार बसवायचा आणि तेवढा वसूल करायचा. इंग्रजी अमदानीत मोजणी आणि प्रतवारी आली. माती कशी, पाणी किती, गाव बाजारपेठेपासून किती दूर, हे पाहून आकार ठरू लागला आणि १८७९ च्या जमीन महसूल संहितेने त्याला कायद्याची चौकट दिली. पद्धती बदलल्या, तरी सगळ्यांत एक धागा होता. जमीन काय पिकवते, याकडे पाहून सारा ठरत होता.

घर काही पिकवत नाही. म्हणून घरावरचा कर बसवताना सरकारला कल्पना करावी लागते, की हे घर भाड्याने दिले असते तर काय मिळाले असते किंवा विकले असते तर काय आले असते. ही कल्पना लोकांना सुरुवातीपासूनच टोचत आली आहे. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल इलाख्यात घरपट्टी लावली, तेव्हा काशीच्या लोकांनी घरेदारे आणि धंदे सोडून मोकळ्या मैदानात ठाण मांडले आणि अखेर कंपनीला तो कर गुंडाळावा लागला. स्वतः राहत असलेल्या घराचे मालकाने भाडे का मोजायचे, हा काशीकरांचा सवाल दोनशे वर्षांनंतरही आकारणीच्या प्रत्येक सुनावणीत कुठल्या ना कुठल्या शब्दांत ऐकू येतो.

तरी हा कर टळणारा नाही, आणि टळूही नये. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ४९ वी नोंद जमिनी व इमारतींवरील करांचा अधिकार राज्याला देते आणि राज्य तो कायद्याने ग्रामपंचायती व महापालिकांकडे सोपवते. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ पासून आक्रसत गेला आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर संपला. आता महापालिकेच्या हातात स्वतःचे म्हणावे असे मोठे साधन मालमत्ता कराचेच उरले आहे. गटार, दिवे, कचरा, दवाखाना यांचा खर्च त्यातून निघतो. म्हणूनच तो नीट बसवला जाणे महत्त्वाचे.

वटारच्या वाट्याला या कराच्या दोन्ही पद्धती आल्या. आधी ग्रामपंचायतीची घरपट्टी, मग महापालिकेची. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. पश्चिमेच्या बागायती गावांनी त्याला कडाडून विरोध केला. गावे वगळा, हीच त्या काळातली घोषणा होती. त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत वसईतून विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले, ते याच प्रश्नावर. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचे ठरवले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे भिजत घोंगडे पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती गावे महापालिकेतच ठेवण्याच्या दिशेने अधिसूचना निघाली. त्यावर पुन्हा हरकती झाल्या. तेरा-चौदा वर्षे एखाद्या गावाला आपण ग्रामीण की शहरी हेच ठाऊक नसणे, हे कुठल्याही अर्थाने चांगले प्रशासन नव्हे.

विरोधाची कारणे अनेक होती. हिरवा पट्टा जाईल, बांधकामे येतील, विहिरींचे गोडे पाणी खारे होईल, ही भीती त्यात होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे शेजारच्या नंदाखालचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ त्याआधी दोन दशके चालवली होती. तिने या भीतीला शब्द दिले होते. पण घरोघरच्या बोलण्यात घरपट्टीचाही मोठा वाटा होता. ग्रामपंचायतीला काही शे रुपये देणाऱ्या माणसाला महापालिकेचे काही हजारांचे बिल आले, तर तो पहिल्यांदा विचारणार, की बदल्यात काय मिळाले. वसईच्या ६९ गावांची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना वर्षानुवर्षे रखडली, हे जिथे लोकांना तोंडपाठ आहे, तिथे हा प्रश्न अधिकच धारदार होतो.

आता सूत्राकडे वळू. इथे थोडा वेळ थांबणे भाग आहे, कारण सारे रहस्य इथेच आहे.

ग्रामपंचायतीची घरपट्टी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली बसते आणि तिचे नियम १९६० चे आहेत. मधल्या काळात घराचे क्षेत्रफळ पाहून चौरस फुटामागे सरसकट दर लावण्याची पद्धत आली होती. ती न्यायालयात टिकली नाही आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने राज्यभर भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. तिचे सूत्र असे: घराचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर (म्हणजे रेडी रेकनरचा दर), त्यात मिळवायचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, आणि आलेल्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे. राहत्या घराचा भारांक १, औद्योगिक वापराचा १.२० आणि व्यापारी वापराचा १.२५. या भांडवली मूल्यावर दर हजार रुपयांमागे ठरावीक दराने कर. झोपडी, मातीचे घर, दगड-विटांचे घर आणि आरसीसी इमारत यांचे दर वेगळे, आणि नियमांनी घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत कोणता दर घ्यायचा हे ग्रामपंचायत ठरवते.

समजण्यापुरते आकडे धरू. हे आकडे कोणत्याही गावाचे प्रत्यक्ष दर नाहीत. १०० चौरस मीटरचे आरसीसी घर आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला ५,००० रुपये, बांधकामाचा २०,००० रुपये, घर जुने असल्याने घसाऱ्याचा गुणक ०.९०. जमिनीचे झाले ५ लाख, बांधकामाचे १८ लाख. भांडवली मूल्य २३ लाख. हजारी दीड रुपया दर धरला, तर कर ३,४५० रुपये. आता त्याच घराची नोंद करताना पडवी आणि पंपाची खोली मिसळून क्षेत्रफळ ११५ लिहिले गेले, तर कर ३,९६७ रुपये ५० पैसे होतो. घराचे वय लिहायचे राहिले आणि घसारा धरलाच नाही, तर मूळ क्षेत्रफळावरही ३,७५० रुपये. दर तोच, सूत्र तेच, तरी एका रकान्यातल्या चुकीने दरवर्षी तीनशे-पाचशे रुपये जास्त जातात. म्हणूनच दरवाढीविरुद्ध मोर्चा काढण्याआधी आपल्या नोंदीतले क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर हे चार रकाने पाहिले पाहिजेत. ग्रामपंचायतीत ही नोंद नमुना ८ मध्ये असते. तीच कर आकारणी नोंदवही. मागणी नमुना ९ मध्ये चढते आणि पावती नमुना १० ची. गावात बहुतेकांना पावती ठाऊक असते, नमुना ८ फार थोड्यांनी उघडून पाहिलेला असतो.

महापालिकेत हिशेबाचा पायाच बदलतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कराधान नियमांत मूळ कल्पना करयोग्य मूल्याची आहे. घर वर्षानुवर्षे भाड्याने दिले, तर वाजवीपणे जे वार्षिक भाडे येईल, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर टक्केवारीने कर. कायद्याने भांडवली मूल्याची वाटही मोकळी ठेवली आहे, पण मुंबई सोडता बहुतेक मोठ्या महापालिका अजून भाडेमूल्यावरच आहेत. पुन्हा मानलेले आकडे घेऊ. १०० चौरस मीटरला महिन्याला १० रुपये दर धरला, तर वर्षाचे भाडेमूल्य १२,००० रुपये, वजावटीनंतर करयोग्य मूल्य १०,८००. सर्व करांची बेरीज ४० टक्के असेल, तर बिल ४,३२० रुपयांचे. पण हेच घर ८,००० रुपये महिना भाड्याने दिले आहे आणि प्रत्यक्ष करारावरून आकारणी झाली, तर करयोग्य मूल्य ८६,४०० रुपये आणि कर ३४,५६०. भिंती त्याच, छप्पर तेच, आणि कर आठपट. त्यामुळे भाडेकरू असल्याचे लपवण्याकडे लोकांचा कल होतो आणि जो खरे सांगतो त्याच्या खिशाला चाट बसते. पद्धतीतला हा मोठा दोष आहे, आणि तो मान्य करायला कचरू नये.

बिलात एकच कर नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, पाणी आणि मलप्रवाहाशी निगडित लाभकर अशा ओळी असतात. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालचा वृक्ष उपकर असतो. ज्याच्या वाडीत शंभर झाडे उभी आहेत, तोही तो भरतो. शिक्षण उपकर आणि बिगरनिवासी इमारतींवरचा रोजगार हमी उपकर १९६२ च्या कायद्याने महापालिका वसूल करते खरी, पण तो पैसा राज्य सरकारचा असतो.

भाड्याच्या कल्पनेवर कर बसवण्यात मुंबईने जितके भोगले, तितके दुसऱ्या कुठल्या शहराने क्वचितच भोगले असेल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये देवान दौलत राय कपूर खटल्यात सांगितले, की जिथे भाडे नियंत्रण लागू आहे तिथे मालक स्वतः राहत असला तरी करयोग्य मूल्य प्रमाण भाड्यापलीकडे नेता येणार नाही. निकाल कायद्याला धरून होता, पण शहरात दोन जगे तयार झाली. गिरगावातल्या जुन्या चाळीतली प्रशस्त जागा कमी कर भरू लागली आणि उपनगरातला दीड खोलीचा नवा फ्लॅट जास्त. नुसत्या क्षेत्रफळावर कर लावावा तर केरळच्या एका खटल्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तीही पद्धत रद्द केली होती. झोपडी आणि हवेली एकाच मापाने मोजणे म्हणजे असमानांना समान लेखणे, हा त्यातला मुद्दा. पुढे बिहारमध्ये पाटण्याने रस्ता, बांधकाम आणि वापर यांप्रमाणे क्षेत्रफळाचे वेगवेगळे दर ठरवले आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मान्य केली. दिल्लीने २००४ मध्ये त्याच वाटेने जाणे पसंत केले.

मुंबईने दुसरा मार्ग धरला. १ एप्रिल २०१० पासून तिथे भांडवली मूल्य आले. ते ठरवण्याचे २०१० आणि २०१५ चे नियम मालमत्ताधारकांनी न्यायालयात नेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातले कळीचे नियम बेकायदा ठरवले. या निकालातले तत्त्व वटारसारख्या गावाने काळजीपूर्वक वाचावे असे आहे. जमिनीवर उद्या किती चटईक्षेत्र मिळू शकेल, तिथे भविष्यात काय बांधता येईल, हे धरून आजचा कर बसवता येत नाही. जमीन आणि इमारत आज जशी आहे तशीच मोजली पाहिजे.

वसईच्या पश्चिम पट्ट्याचे दुखणे नेमके इथे आहे. वटारच्या वाडीत केळीचे घड तयार होतात, मोगरा पहाटे खुडला जातो आणि माल बाजारात पाठवला जातो. शेजारी राजोडी आणि कळंबचे समुद्रकिनारे आहेत, शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी आहे, रिसॉर्ट आहेत, बंगल्यांसाठी जागा शोधणारे लोक आहेत. दोन-चार तुकडे चढ्या भावाने विकले गेले, की ते व्यवहार मूल्यदराच्या तक्त्यात डोकावू लागतात. पुण्याच्या नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक कार्यालयाचा हा तक्ता मुळात मुद्रांक शुल्क चुकवले जाऊ नये म्हणून तयार झाला. २०२२ नंतर थेट १ एप्रिल २०२५ रोजी त्यातले दर वाढले. खरेदीदाराकडे पैसे असतात, म्हणून खरेदीच्या वेळी तो दर लावणे समजू शकते. पण ज्याने काहीच विकले नाही आणि ज्याच्या हातात केळीचे तेवढेच पैसे येतात, त्याच्याही घराला तोच दर लागला, तर शेजाऱ्याच्या विक्रीची झळ त्याला बसते. ही तक्रार रास्त आहे.

कायद्याने इथे एक कुंपण घातले आहे आणि ते प्रत्येक वाडीवाल्याला ठाऊक हवे. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे कृषी आकारणी भरणाऱ्या जमिनीवर पंचायतीचा कर लागत नाही. इमारतीवर मात्र लागतो, मग ती शेतजमिनीत का असेना. थोडक्यात वाडीला शेतसारा आणि वाडीतल्या घराला घरपट्टी. शहराच्या हद्दीत हे कुंपण किती नाजूक होते, ते नाशिकने २०१८ मध्ये पाहिले. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी १ एप्रिलपासून भाडेमूल्याचे दर वाढवले आणि हद्दीतल्या मोकळ्या जमिनींसह शेतीलाही ते लागू होणार अशी स्थिती आली, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. आयुक्तांवर अविश्वासाचा प्रस्ताव येण्यापर्यंत मजल गेली, दर कमी करावे लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. दरांना वर्षानुवर्षे हात न लावणे ही नगरसेवकांची चूक होती, आणि एका फटक्यात सगळे वसूल करायला जाणे ही प्रशासनाची. दोन्ही चुकांची किंमत शेवटी नागरिकच मोजतात.

वर्षानुवर्षे फेरआकारणी न करणे ही काही आपलीच खोड नाही. इंग्लंडमधला कौन्सिल टॅक्स आजही १ एप्रिल १९९१ च्या घरकिमतींवर उभा आहे, कारण एकाही सरकारला नव्याने किंमत लावण्याची हिंमत झालेली नाही. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मतदारांनीच कायदा करून घेतला, की कर किमतीच्या एक टक्क्याहून जास्त नको आणि घर विकले जाईपर्यंत धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवू नये. त्यामुळे म्हातारी माणसे घरात टिकली, पण शेजारीशेजारी सारखीच घरे असून नवा मालक जुन्याच्या कितीतरी पट कर भरू लागला. आपल्या महानगरपालिका कायद्यात आकारणी पुस्तक चार वर्षांतून एकदा नव्याने करण्याची तरतूद आहे. ती पाळली, तर वाढ थोडी थोडी आणि अंगवळणी पडेल अशी होते.

गाव शहरात आल्यावर कर कसा चढवावा, याचाही विचार कायद्याने केला आहे. पूर्ण दर एकदम न लावता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने न्यायचा, हे त्याचे सार. तरीही पुण्यात भडका उडालाच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. कराचा बोजा आणि सोयींचा अभाव यांवरून इतका असंतोष झाला, की मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारला समाविष्ट गावांतल्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे तर महापालिकेतून बाहेरच पडली. डिसेंबर २०२२ मध्ये तसा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. वटार आणि शेजारच्या गावांनी वगळण्याची मागणी केली तेव्हा ती हटवादी ठरवली गेली होती. पुण्याच्या वेशीवर तीच मागणी सरकारने मान्य केली, हे विसरता येत नाही.

सवलतींचेही राजकारण असते, पण ते इथे फार ताणण्याचे कारण नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला १९७० पासून करयोग्य मूल्यात ४० टक्के सूट होती. लेखापरीक्षणाच्या आक्षेपानंतर ती गेली आणि २०२३ मध्ये परत आली. सवलत दिली जाते ती जाहीर सभेत आणि मिळते ती अर्ज केल्यावर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

या विषयाची एक काळोखी बाजू आहे. वसई-विरारमध्ये तिच्याबद्दल बोलल्यावाचून प्रस्तावना पुरी होत नाही. घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्याला लोक मालकीचा कागद समजतात. चाळ बांधणारा आधी घरपट्टी लावून घेतो आणि उतारा दाखवून खोल्या विकतो. गावाकडून आलेले, आयुष्याची पुंजी ओतणारे कुटुंब शिक्का पाहून विश्वास ठेवते. कायदा मात्र स्वच्छ आहे. कर आकारला म्हणजे बांधकाम अधिकृत होत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली बेकायदा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती बसू शकते आणि ती भरल्याने बांधकाम नियमित झाले असे मानू नये, असे तिथेच लिहिले आहे. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ दरम्यान पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस विरार पूर्वेत रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे दगावली. बांधकाम परवानगी, बिनशेती आदेश, सातबारा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची जागा घरपट्टीची पावती कधीच घेऊ शकत नाही. उताऱ्यावरच हे ठळक अक्षरांत छापणे महापालिकांना सक्तीचे केले पाहिजे. त्याला फार खर्च येणार नाही.

आकारणी न्याय्य व्हायची, तर काय लागते? दरांचे तक्ते लोकांना वाचता येतील अशा मराठीत आणि गावनिहाय फलकावर लागले पाहिजेत. मोजणी घरमालकासमोर व्हावी आणि मोजमापाच्या कागदावर त्याची सही घेतली जावी. माळा, पडवी, गोठा, पंपघर यांपैकी काय धरले आणि काय सोडले, ते नोंदवहीत दिसावे. वाडीतल्या घराला किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा दर लागू नये, म्हणून हरित पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या राहत्या घरांसाठी वेगळा विभाग आखावा. आणि कर कुठे खर्च झाला, ते प्रभागवार सांगावे. यातले काहीही कायद्याबाहेरचे नाही. इच्छा असली, तर एका आर्थिक वर्षात होण्यासारखे आहे.

वाचकाने आपल्या बाजूने करण्यासारखे एक काम आहे. नुसत्या बिलावर समाधान मानू नये, आकारणीचा उतारा मागून घ्यावा. पंचायतीच्या हद्दीत नमुना ८, महापालिकेच्या हद्दीत आकारणी पुस्तकातली नोंद. घरी टेप घेऊन क्षेत्रफळ मोजावे, बांधकामाचे वर्ष आणि वापर ताडून पाहावा. नवी आकारणी किंवा वाढ झाली, की जाहीर सूचना किंवा विशेष नोटीस निघते आणि हरकतीसाठी मुदत मिळते. ती सहसा पंधरा-वीस दिवसांची असते, म्हणून नोटिशीवरची तारीख त्याच दिवशी पाहावी. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीला स्वतः जावे आणि मोजमापाचा कच्चा नकाशा सोबत न्यावा. महानगरपालिका कायद्यात आधी हरकत घेतली नसेल, तर करयोग्य मूल्याविरुद्ध कलम ४०६ खालचे अपील चालत नाही. अपील करताना वादातली रक्कमही आधी भरावी लागते. आणि बिल थकवून ठेवणे हा निषेधाचा मार्ग म्हणून अगदीच महागडा आहे, कारण थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते.